हात मागे बांधायला शिकवलंत, त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या योगवर्गात समोर आलो की "घरी बरं चाललंय" एवढंच बोलतो आणि मागच्या रांगेत जाऊन मॅट अंथरतो. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण मी जे केलं ते करणारे आईबाप आणखीही असणार.

21 जूनच्या योग दिनाचा उत्साह होता. मी मुलांसाठी दोन छोट्या मॅट आणल्या आणि भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी साडेसहा, बारा सूर्यनमस्कार, मग पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन), पद्मासन आणि शेवटी पाच मिनिटं शवासन. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाचची. मी समोर उभा राहून आकडे मोजायचो. स्वतः काहीच करत नव्हतो, तेही सांगून टाकतो. लहानपणी कवायतीच्या तासाची मला धडकी भरायची. तोच तास मी घरात आणला होता.

पश्चिमोत्तानासनात थोरल्याची बोटं पायांच्या अंगठ्यांपासून वीतभर लांब राहायची. धाकटी घडी घातल्यासारखी वाकायची. एका सकाळी "बघ, ती करते की" म्हणत मी त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबलं. तो किंचाळला. मांडीच्या मागे, बसायच्या हाडाजवळ कळ आली होती. दोन दिवस तो खुर्चीत एका अंगावर रेलून बसायचा. मॅट तर त्यानं पलंगाखाली ढकलून दिली.

वर्ग संपल्यावर तुम्हाला गाठलं तेव्हाही माझा प्रश्न काय होता, तर "त्याचं अंग मोकळं कसं करू?" तुम्ही आधी दुखणं ओसरलं का ते विचारलंत, नसेल तर डॉक्टरांना दाखवा म्हणालात. मग शांतपणे विचारलंत, "तुमची बोटं टेकतात का?"

नाही टेकत, ताई. आणि ते तुम्हाला चांगलंच ठाऊक होतं.

नंतरची दहा मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. मांडीमागचे स्नायू ज्या हाडाला चिकटलेले असतात, तिथं वाढत्या वयात अजून मऊ कूर्चा असते. मोठ्यांचा ताणला जातो तो स्नायू, मुलांचं ते टोकच दुखावू शकतं. तुम्ही स्वतःच्या बसायच्या हाडावर हात ठेवून ती जागा दाखवलीत. "त्याला गुडघे वाकवू द्या, पोट मांडीला लागलं की झालं. पतंजलींनी आसनाबद्दल म्हटलंय, स्थिरसुखमासनम्. स्थिर हवं, सुखाचं हवं. त्यात अंगठा कुठं आला?" धाकटीचं कौतुक करायला लागलो तर तेही थांबवलंत. तिची कोपरं उलटी वळतात, हातपाय टेकून कंबर वर उचलायच्या श्वानासनात ती सांध्यावर लटकते, तिथं जोर लावायला शिकायचंय तर तिलाच, हे मी दोन महिने रोज बघूनही मला दिसलं नव्हतं. मी तिचे व्हिडिओ काढत होतो.

आणि मग ती अट. "मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही. हात मागे बांधा. त्याहून बरं म्हणजे स्वतःची मॅट टाका आणि तुमचं तुम्ही करा."

पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही. एकटाच करत होतो आणि खरं सांगायचं तर तुमचा थोडा रागही येत होता. आठव्या दिवशी मी अधोमुख श्वानासनात असताना धाकटी माझ्या पोटाखालून रांगत गेली. बोगदा! मग उलट्या दिशेनं परत आली. मग पुन्हा. त्या दिवशी ते आसन मी जितका वेळ धरलं, तितकं तुमच्या वर्गातही कधी धरलं नसेल. थोरला दाराशी उभा राहून बघत होता. त्याला आणखी दहाबारा दिवस लागले.

तो आला तो वृक्षासनासाठी. पाय उचलला की डुगडुगायचा. "खाली बघू नकोस" हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण ते गिळलं आणि तुम्ही सांगितलेलं केलं: भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला पेन्सिलनं एक ठिपका काढला. उचललेल्या पायाचा तळवा गुडघ्यावर न ठेवता पोटरीला लावला. नजर ठिपक्यावर टेकली तसा तो झाडासारखा उभा राहिला. मग त्यालाच प्रयोग सुचला, डोळे मिटून बघण्याचा. तीन आकड्यांत पडला. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय असे तिघे लागतात, त्यातला एक तू सुट्टीवर पाठवलास, असं मी म्हटलं. त्याला ते फार आवडलं. आता आमच्या भिंतीवर चार ठिपके आहेत. सर्वांत खालचा धाकटीचा, आणि तो ठिपका नसून मासा आहे असं तिचं म्हणणं आहे.

शवासन पाच मिनिटांवरून एका मिनिटावर आलं. धाकटी पोटावर कापडी हत्ती ठेवते. श्वास घेतला की हत्ती वर, सोडला की खाली. श्वास रोखायला सांगायचा नाही, ही तुमची ताकीद पाळतोय, कुंभक आमच्या घरात निघतच नाही. भुंग्यासारखं गुणगुणायच्या भ्रामरीचा मात्र अतिरेक होतो. कधी कधी गाडीतसुद्धा.

रोज जमतं असं समजू नका. आठवड्यातून तीनचार दिवस, तेही पंधरा मिनिटं. पण पलंगाखालची मॅट बाहेर आली, आणि ती त्याची त्यानं काढली.

परवा भुजंगासनात त्याचे खांदे कानांना चिकटलेले दिसले आणि माझा हात नकळत पुढे गेला. धाकटी मॅटवरूनच ओरडली, "बाबा, हात मागे!" मी खरोखर मागे बांधले. थोरल्यानं मान वळवून बघितलं आणि खांदे स्वतःच खाली घेतले.

मनापासून आभार, ताई. आणि एक काम आहे. थोरल्याला शीर्षासन करायचंय, रोज विचारतो. मानेवर भार नको एवढं मला कळतं, पण माझ्या "नको"ला त्याच्या लेखी आता फारशी किंमत नाही. "ताईंना विचारून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आहे. सोमवारी त्याला घेऊनच येतो, तुम्हीच सांगा.

तुमचा,
मागच्या रांगेतला, अजून बोटं न टेकणारा विद्यार्थी