चष्मा सापडेपर्यंत थांबलेल्या माणसास

सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीचे आहात आणि त्या दिवशी मी तुम्हाला सरळ अरे-तुरे करत होते. पण आभाराच्या पत्रात 'तुम्ही'च बरे दिसते. नाव लिहू नका, असे तुम्ही बजावले आहे. म्हणून कोथरूडमधल्या आमच्या चौकातील संगणक-दुरुस्तीच्या दुकानात बसणारे गृहस्थ, एवढीच तुमची ओळख देते.

मी रोज संध्याकाळी सात वाजता घरून मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग घेते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे तिला टांगल्यासारखी लिहीत जायचे, अशी रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. अशा जुन्या पत्राचे छायाचित्र विद्यार्थ्यांच्या पडद्यावर जरासे धूसर झाले, की शिकवण्यासारखे काही उरत नाही; दिसते ती फक्त रेघ. गेल्या पावसाळ्यापासून रोज हेच चालले होते. "बाई, तुमचा आवाज तुटतोय," हे वाक्य नागपूरपासून बेळगावपर्यंतच्या इतक्या तोंडून ऐकले, की वर्ग बंद करावा असे मनात येऊ लागले होते.

तुमच्याआधी किती जणांचे उंबरठे झिजवले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला, की प्रत्येक वेळी नवा आवाज तोच मंत्र म्हणे: राउटर बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा. मग मोठा प्लॅन घेण्याचा आग्रह झाला. मी १०० एमबीपीएसवरून (हे इंटरनेटच्या वेगाचे माप) २०० वर गेले, २०० वरून ३०० वर गेले, आणि वर्ग होता तिथेच राहिला. तक्रार फारच वाढली तेव्हा त्यांचा माणूस सकाळी अकरा वाजता आला, राउटरला खेटून उभा राहिला, स्वतःच्या मोबाईलवर वेग पाहिला आणि "काकू, तुमचा लॅपटॉप जुना झालाय" असे सांगून गेला. एका दुकानदाराने रिपीटर, म्हणजे वायफाय लांबवर पोचवणारे खोके, विकला. तो एकाच चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एकाच वाटेवर, आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो, हे मला पुढे तुमच्याकडून कळले. बेंगळुरूच्या इंजिनिअर भाच्याने तर "मावशी, तुला नाही कळायचं ते" एवढ्यावर विषय मिटवला.

तुम्ही मात्र पहिला प्रश्न विचारलात तो वेळेचा. "त्रास कधी होतो?" मी सात म्हटले आणि तुम्ही दुकान अर्ध्यावर सोडून पावणेसातला दारात हजर झालात. दुखणे ज्या वेळी उमटते त्याच वेळी नाडी पाहावी, ही साधी गोष्ट त्या सगळ्यांपैकी एकालाही सुचली नव्हती.

त्या तपासणीचे तपशील पुढे देतेच. पण आधी आठवतो तो एक क्षण. तुम्ही वेग मोजला, लॅपटॉप माझ्याकडे वळवलात आणि म्हणालात, "तुम्हीच वाचा आणि लिहून ठेवा." माझा चष्मा सापडेना. उशीखाली पाहिले, देवघरात पाहिले, शेवटी तो फ्रिजवर निघाला. या सगळ्यात पाच-सात मिनिटे तरी गेली असतील. "राहू द्या, मी सांगतो" असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिलात. आमच्या वयाच्या बाईने पाहायचे नसते, तिला फक्त सांगायचे असते, असे इतके महिने गृहीत धरले गेल्यावर त्या पाच मिनिटांची किंमत मला काय वाटली, हे मी तुम्हाला समोर बसून सांगू शकले नसते.

मग मी तीन आकडे लिहिले. कंपनीची तार घरात जिथे येते त्या फायबरच्या पेटीला थेट तार जोडून आला तो २८७. राउटरमधून तारेने आला तो ९४. वर्गाच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, वायफायवर आला तो ६.

राउटर उलटा करून खालची चिठ्ठीही तुम्ही मलाच वाचायला लावलीत. तिच्यावर ३०० लिहिले होते. प्लॅनही ३०० चा, मग बिघाड कुठे, असे मी विचारले. तेव्हा कळले, की तो आकडा हवेतल्या, म्हणजे वायफायच्या, वेगाचा, तोही दोन अँटेना मिळून, रुंद चॅनेल मोकळे मिळाले तर, आणि कागदावरचा. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. पण त्याच खोक्याच्या मागची तारेची भोके १०० चीच होती आणि त्यांतून ९४-९५ च्या वर काही जाणेच शक्य नव्हते. खोक्यावर ३०० छापायचे आणि दार १०० चे ठेवायचे, हा व्यवहार कोणाला सुचला असेल ते असो. मी त्या दारातून ३०० नेण्यासाठी महिनोन्महिने पैसे भरत होते.

वर्ग मात्र त्या ९४ मुळे अडखळत नव्हता, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलेत. व्हिडिओवरच्या वर्गाला चार-पाच एमबीपीएस पुरतात, पण ते अखंड मिळावे लागतात. आमचा राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तुम्ही काढलेल्या वायफायच्या यादीत इमारतीतले एकवीस राउटर दिसत होते आणि संध्याकाळी सातला ते सगळे जागे होते. सकाळी अकराला निम्मी इमारत कामावर गेलेली असते, म्हणून कंपनीच्या माणसाला सगळे आलबेल दिसले. ९४ हा आकडा माझे पैसे कुठे वाया जात होते ते सांगत होता, आणि ६ हा माझा वर्ग का बुडत होता ते. दोन दुखणी वेगळी आहेत, हे वेगळे करून दाखवणारे तुम्ही पहिले.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, गिगाबिट पोर्टचा (म्हणजे १००० एमबीपीएसच्या दारांचा) राउटर तुमच्या दुकानात समोरच मांडलेला असतो. मी तो घ्यायला तयार होते. तुम्ही पंधरा मीटर तार विकलीत, भिंतीच्या कडेने ठोकून दिलीत आणि म्हणालात, "वर्गापुरती ही लॅपटॉपला लावा. राउटरची घाई नाही, आणि प्लॅनही परत १०० वर आणा." समोर आलेले गिऱ्हाईक असे परत पाठवणारा दुकानदार मी तरी फारसा पाहिलेला नाही. भली माणसे आजही आहेत. फक्त ती हेल्पलाइनवर भेटत नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही एक पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न थांबता वाचले. नागपूरच्या विद्यार्थिनीने वाकड्या वळणाचा एक 'ज' स्वतःहून ओळखला.

प्लॅन कमी करताच कंपनीतून फोन आला. काही गैरसोय झाली का, अशी फार आपुलकीने चौकशी केली. मी चष्मा लावला, वही उघडली आणि २८७, ९४ व ६ हे आकडे, वेळेसह, वाचून दाखवले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग "नोंद घेतली आहे, मॅडम," असे म्हणून फोन ठेवण्यात आला.

आपली,
मोडीच्या बाई