शेगडी कोणती घ्यायची, त्याबद्दल

म्युन्सिंगनजवळ, जर्मनी
5 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आपण इथे चुलीच्या धुरातून सुटलो, आणि तू तिकडे जाऊन घरात लाकडं जाळणार?" तेव्हा सोनूला शाळेत सोडायची घाई होती म्हणून मी विषय टाळला. पण प्रश्न मनातून जाईना. आज रविवार आहे, घरातली सगळी बाहेर गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. आजीचे कायम लाल असलेले डोळे आणि रात्रभर चालणारा तो खोकला मी विसरलेले नाही. गावात उज्ज्वलाचे सिलिंडर आले ते 2016 नंतर, आणि तोवर आजीच्या छातीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यामुळे शेगडीचा विषय निघाला तेव्हा ती दिसायला कशी आहे, केवढ्याची आहे, हे मी नंतर पाहिलं. धूर किती होणार, आणि होणारा धूर घरात येणार की बाहेर जाणार, हे आधी विचारलं.

मुळात शेगडी हवी कशाला, ते सांगते. आमचं गाव श्वेबिशे आल्बच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली दहापर्यंत सहज उतरतो. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे, त्याचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या पत्र्याच्या रेडिएटरांतून फिरतं. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि इंधनाचे भाव असे चढले की तेव्हापासून इथला प्रत्येक जण दुसरी काहीतरी सोय बघतो आहे. आधीच्या मालकांची लाकडाची शेगडी बैठकीच्या खोलीत होती, पण ती वापरता येत नव्हती. 1995 ते मार्च 2010 या काळात मान्यता मिळालेल्या शेगड्यांनी धुरातल्या कणांची आणि कार्बन मोनॉक्साइडची ठरलेली मर्यादा पाळायची, नाहीतर 31 डिसेंबर 2024 नंतर बंद व्हायचं, असा इथला कायदा आहे. आमची त्यात बसली नाही. मागचा हिवाळा नुसत्या तेलावर काढला.

आता निवड होती ती ओंडक्यांची शेगडी की पेलेटची, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या कांड्यांवर चालणारी, अशी. तुमच्या जावयांचं मन लाकडाकडे होतं, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आल्बवर बीचच्या झाडांची जंगलं आहेत आणि बीचचं लाकूड जळणाला उत्तम. रचलेल्या एक घनमीटर सुक्या बीचमधून साधारण 2000 युनिट उष्णता मिळते, म्हणजे जवळजवळ 200 लिटर तेलाचं काम होतं. गावातून ओंडके विकत मिळतात. स्वतः जंगलात जाऊन कापायचं असेल तर यांत्रिक करवतीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला बहुतेक ठिकाणी मागतात. वीज गेली तरी लाकडाची शेगडी चालते. आवाज नाही, यंत्र नाही, बिघडण्यासारखंही फारसं काही नाही.

पण लाकूड सुकवायला जे लागतं ते सगळं माणसाने द्यायचं असतं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास अर्धं पाणी असतं. बीच फोडून, वारा लागेल अशी रचून, वरून झाकून दोन उन्हाळे ठेवावी लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 25 टक्क्यांहून जास्त ओल असलेलं लाकूड जाळायला इथे कायद्याने मनाई आहे. तुम्ही वखारीत दोन ओंडके एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचात ना बाबा, इथली जाणती माणसंही तेच करतात. शिवाय ओल मोजायचं एक छोटं यंत्र मिळतं. ओंडका फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला त्याच्या सुया टोचायच्या, बाहेरून टोचलं तर आकडा फसवा येतो. ओलं लाकूड जाळलं तर आगीची बरीच ताकद पाण्याची वाफ करण्यात जाते, ज्योत थंड राहते आणि न जळलेला धूर धुराड्यात चिकट डांबर होऊन बसतो. त्या डांबराने कधी पेट घेतला तर छपरापर्यंत आग जाते.

पेटवण्याची रीतही आपल्या उलट आहे. मोठे ओंडके खाली, बारीक ढलप्या वर, आणि काडी वरून लावायची. आग हळूहळू खाली उतरते, खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्योतीतून जाताना जळून जातो, त्यामुळे पेटतानाचा धूर बराच कमी होतो. फुंकणी लागत नाही. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे रात्री शेगडी गच्च भरून हवेची झडप मिटायची, सकाळपर्यंत विस्तव राहावा म्हणून. राहतो विस्तव, पण रात्रभर नुसता धुमसतो, आणि तो धूर शेजाऱ्यांच्या खिडक्यांशी जातो. आमचं गाव खोलगट जागी आहे. वारा पडलेल्या संध्याकाळी धूर वर जात नाही, गल्लीतच बसून राहतो. मला ती संध्याकाळ नको वाटते. स्टुटगार्ट इथून फार लांब नाही, तेही डोंगरांच्या वाटीत वसलेलं शहर, आणि तिथे 2017 पासून काही हिवाळे हवा वाईट असलेल्या दिवशी हौसेची शेगडी पेटवायलाच बंदी घातली होती.

म्हणजे लाकडाची शेगडी किती स्वच्छ जळते हे शेवटी पेटवणाऱ्याच्या हातावर ठरतं. चांगला हात, सुकं लाकूड आणि वेळ, तिन्ही असतील तर ती उत्तम आहे. आमच्या घरात हे महिन्यातून दोन आठवडे फिरतीवर, मी दिवसभर कामाच्या कॉलवर, आणि सोनू सात वर्षांची. तासा-दोन तासांनी ओंडका घालायला उठणार कोण?

आता पेलेटबद्दल. आई, तुला भुश्याची शेगडी आठवते? मधे बाटली उभी करून भोवती भुसा ठासून भरायचीस, बाटली अलगद काढलीस की भोक राहायचं, आणि मग ती कितीतरी वेळ एकसारखी जळायची. पेलेट म्हणजे तसाच ठासलेला भुसा समज, फक्त तो कारखान्यात यंत्राने इतका दाबतात की 6 मिलिमीटर जाडीच्या टणक कांड्या होतात. डिंक किंवा गोंद घालत नाहीत. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन नावाचं बांधून ठेवणारं द्रव्य मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं. फार तर थोडा स्टार्च घालायला परवानगी आहे. कच्चा माल मुख्यतः लाकडाच्या गिरण्यांतून निघालेला भुसा. चांगल्या प्रतीच्या कांड्यांत ओल 10 टक्क्यांच्या आत आणि राख 0.7 टक्क्यांच्या आत असते. पिशवीवर ‘ईएन-प्लस ए-1’ असा शिक्का बघून घ्यायची. दोन किलो कांड्या म्हणजे एक लिटर तेल, हा इथला सोपा हिशोब.

शेगडीच्या पाठीमागे टाकी असते, तीत 15 किलोची पिशवी ओतायची. एक फिरता स्क्रू थोड्या थोड्या कांड्या लोखंडी भांड्यात सोडतो, तापलेली सळई त्यांना पेटवते आणि पंखा मोजून हवा देतो. इंधन आणि हवा दोन्ही मोजून जात असल्याने धुमसायला वावच राहत नाही. कायद्यातले आकडेही तेच सांगतात. नवीन लाकडाच्या शेगडीला एक घनमीटर धुरात 1250 मिलिग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालतो, पेलेटच्या शेगडीला फक्त 250. कणांची मर्यादा लाकडाला 40 मिलिग्रॅम, पेलेटला 30. हा फरक कागदावर लहान आहे, पण लाकडाचा आकडा प्रयोगशाळेत निष्णात माणसाने पेटवलेल्या आगीचा, आणि पेलेटची आग माझ्या घरीही यंत्रच सांभाळणार आहे. आजीचा खोकला ऐकत वाढलेल्या मला हे कारण पुरेसं होतं.

विजेचं तुम्ही विचारणारच. पेटताना काही मिनिटं साधारण 300 वॅट लागतात, नंतर एखाद्या जुन्या बल्बाएवढी वीज. वीज गेली की शेगडी बंद. आपल्याकडचं भारनियमन आठवून मलाही आधी धास्ती वाटली, पण जर्मनीत एका ग्राहकाची वीज वर्षभरात सरासरी 15 मिनिटांहूनही कमी जाते. कॅनडात किंवा स्वीडनच्या जंगलात, जिथे वादळाने तारा तुटून चार-चार दिवस अंधार होतो, तिथे राहत असते तर मी लाकडाचीच घेतली असती.

एक गोष्ट इथल्या धुराड्याच्या अधिकाऱ्याने दाखवली नसती तर माझ्या लक्षात आली नसती. इथे प्रत्येक भागाला एक सरकारमान्य शोर्नश्टाइनफेगर असतो, काळ्या कपड्यांतला. त्याने पाहून सही केल्याशिवाय नवीन शेगडी पेटवता येत नाही, आणि पुढेही सात वर्षांत दोनदा तो सगळं तपासून जातो. त्याने आल्या आल्या स्वयंपाकघर पाहिलं. आपली फोडणी, मिरचीचा ठसका, म्हणून ओट्यावरचा पंखा मी जोरात लावते. ही घरं इतकी बंदिस्त असतात की पंखा हवा बाहेर फेकू लागला की घरात हवा कमी पडते, मग ती धुराड्यातून उलटी खेचली जाते आणि शेगडीतला विषारी वायू खोलीत येतो. उपाय दोन. खिडकी उघडी असेल तरच पंखा चालेल अशी कळ बसवायची, किंवा जळायची हवा वेगळ्या नळीने थेट बाहेरून घेणारी, तशी मान्यता असलेली शेगडी घ्यायची. आम्ही दुसरं केलं. पेलेटमध्ये तशा शेगड्या पुष्कळ मिळाल्या.

पैशाचं थोडक्यात. पेलेटची शेगडी लाकडाच्या शेगडीपेक्षा बरीच महाग पडली, दरवर्षी तंत्रज्ञाकडून साफही करून घ्यावी लागेल. कांड्यांचा भावही स्थिर नसतो, 2022 च्या शरद ऋतूत टनाला 700 युरोच्या वर गेला होता. म्हणून हिवाळ्याचा माल उन्हाळ्यातच भरून ठेवायचा. पिशव्या बाहेरच्या शेडमध्ये रचल्या आहेत, तळघरात नाही, कारण बंद जागेत साठवलेल्या कांड्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड सुटतो.

तर ठरलं ते असं. पेलेटचीच, 6 किलोवॅटची. विक्रेता मोठी घ्या म्हणत होता, पण गरजेपेक्षा मोठी शेगडी सारखी विझते-पेटते आणि नेमका तेव्हाच धूर जास्त होतो. जावयांना पंख्याची घरघर अजून खटकते आणि त्यात तथ्य आहे, पूर्ण शांत ती नाहीच. नोव्हेंबरच्या मध्यात बसवायला येणार आहेत. म्हणजे तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा ती सुरू असेल.

आई, तू पहाटे चारला उठतेस ते माहीत आहे. तुझ्या उठण्याआधी अर्धा तास ती आपोआप पेटेल अशी वेळ लावून ठेवणार आहे, तुला गार खोलीत बसून चहाची वाट बघायला लागणार नाही. फक्त ती चालू असताना दार उघडायचं नाही आणि पुढच्या काचेला हात लावायचा नाही. राख मी काढीन, आठवड्यातून दोन-तीनदा काढली की झालं. छताला पांढरा गोल डबा दिसेल तो विषारी वायूचा भोंगा. वाजला तर काही न बघता दोघांनी अंगणात यायचं, मग मला हाक मारायची.

बाबा, दम्याचा पंप दोन महिन्यांचा पुरेल इतका घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीतून लिहून आणा. जाड कोट आणि बूट तिथे विकत घेऊ नका, इथे आल्यावर घेऊ. तिकिटं काढलीत की तारीख लगेच कळवा, स्टुटगार्टला मी घ्यायला येते.

तुमची,
चिऊ