गणित सोडण्याआधी एवढं तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या घराघरांत डॉक्टर की इंजिनिअर, हाच विषय चालतो. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या क्लासच्या जाहिरातींनी चौक भरून जातात आणि नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, वाट धरलेलं लेकरू अकरावीत गणित सोडून मोकळं होतं. सोडायचं असेल तर जरूर सोडावं, पण कशाकशाला मुकतोय हे कळून सोडावं. गणित सोडायला एक सही पुरते. ते मधूनच पुन्हा धरायचं म्हटलं तर अकरावीचा सगळा पाया एकट्यानं भरून काढावा लागतो.

पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलं की अभियांत्रिकीची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा, आणि वास्तुशास्त्र या वाटा बंद होतात. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन व गणित लागतं. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, तरी लेखी परीक्षेतला ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत जाण्याचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. उलट पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) घेऊन जीवशास्त्र सोडलं, तर नीटमधून होणारे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांचे प्रवेश विसरावे लागतात.

पालकांचा सर्वात मोठा गैरसमज कृषी आणि फार्मसीबद्दल आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या बीएस्सी कृषीला जीवशास्त्रच लागतं असं धरून पुष्कळ घरांत गणित सोडलं जातं. प्रत्यक्षात हा प्रवेश सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांतून होतो. बी. फार्मसीचंही तसंच. शिवाय बी. फार्मसीच्या पहिल्या सत्रात जीवशास्त्राकडून आलेल्यांना पूरक गणित आणि गणिताकडून आलेल्यांना पूरक जीवशास्त्र शिकावं लागतं. म्हणजे शेती किंवा औषधनिर्माणशास्त्र मनात असलेल्याला गणित सोडण्याची सक्ती नाही.

"मग दोन्ही ठेवू, पीसीएमबी घेऊ," असं म्हणणाऱ्यांनी गुणांची मांडणी बघावी. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. दोन्ही परीक्षांचा अर्धा भार अशा विषयावर आहे, ज्याचा दुसऱ्या परीक्षेला काडीचा उपयोग नाही. पीसीएम आणि पीसीबी गटांची सीईटीही वेगवेगळी द्यावी लागते. ज्याचा कल खरोखर ठरलेला नाही आणि जो रोज गणिताला दीड तास, जीवशास्त्राला दीड तास बसू शकतो, त्यानं चारही विषय अकरावीपुरते ठेवावेत आणि बारावी सुरू होण्याआधी तयारी कोणत्या परीक्षेची करायची ते ठरवावं. बारावीच्या दिवाळीपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांचं गणितही कच्चं राहतं आणि जीवशास्त्रही.

आता लेकराला गणित झेपेल का, हे कसं ओळखायचं? दहावीच्या गुणांवरून नीट कळत नाही. १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. उरलेल्या ८० पैकी ४० बीजगणिताचे आणि ४० भूमितीचे. प्रमेयं, रचना आणि सरावसंचातली ठरावीक उदाहरणं पाठ करून ८५ पडू शकतात. अकरावीत लागते ती बीजगणिताची हातोटी, आणि ती तासाभरात तपासता येते.

एक उदाहरण घ्या. क्ष² − ९ ला क्ष − ३ नं भागायचं आहे आणि क्ष ही संख्या ३ च्या जवळ जवळ जाते आहे. थेट ३ ठेवले तर वर शून्य, खाली शून्य. इथं वरच्या पदावलीचे अवयव पाडायचे, (क्ष − ३)(क्ष + ३), सारखा अवयव काढून टाकायचा आणि मग ३ ठेवायचे. उत्तर ६. अकरावीच्या लिमिटचं हे अगदी पहिलं गणित. इथं अडकणारा मुलगा "लिमिट अवघड आहे" म्हणतो, पण तो अडकलेला असतो आठवीच्या अवयवांत. वर्गातल्या बहुतेक चुका अशाच जुन्या असतात. क्ष² + ९ चं वर्गमूळ क्ष + ३ लिहिणं, (क्ष + ६) भागिले क्ष यातला क्ष खोडून ६ उरवणं, किंवा साइन ३० अंश अधिक साइन ६० अंश म्हणजे साइन ९० अंश मानणं. या बेरजेची किंमत सुमारे १.३६६ येते आणि साइन ९० तर १ आहे, हे पडताळून बघायची सवयच नसते.

म्हणून अर्ज भरण्याआधी तासभर द्या. वर्ग त्रिपदीचे अवयव पाडायची दहा उदाहरणं, अक्षर असलेल्या अपूर्णांकांची पाच, वर्गसमीकरणावरची तीन शाब्दिक उदाहरणं आणि त्रिकोणमितीची दोन नित्यसमानता, अशी वीस उदाहरणं वही-पुस्तक न बघता सोडवायला द्या. पंधरा बरोबर आली तर गणित घ्यायला हरकत नाही. दहा ते चौदा आली तर जून-जुलैत आठवी ते दहावीचं बीजगणित रोज तासभर पुन्हा करावं, मग घ्यावं. दहाच्या खाली असेल आणि मुलाला अभियांत्रिकीची ओढही नसेल, तर "सगळे घेतात" म्हणून त्याच्या गळ्यात गणित मारू नये. गणित टाळायला पॉलिटेक्निकला पाठवू म्हणणाऱ्यांनाही सांगायला हवं, की डिप्लोमाच्या पहिल्याच सत्रात गणित आहे.

गणित घेतलेल्यांनी अकरावी वाया घालवू नये. इथे ही चूक सर्रास होते. क्लास थेट बारावीचं इंटिग्रेशन सुरू करतात आणि अकरावीच्या परीक्षेकडे कुणी बघत नाही. सीईटीच्या ५० गणितांपैकी १० अकरावीची असतात, प्रत्येकी २ गुणांची, म्हणजे २० गुण. सरळरेषा, वर्तुळ, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, संभाव्यता ही प्रकरणं त्यात येतात. हे गुण सोडले तरी बारावीचं डेरिव्हेटिव्ह अकरावीच्या लिमिट आणि फंक्शनवर उभं आहे आणि इंटिग्रेशनचं निम्मं काम त्रिकोणमितीच्या सूत्रांवर चालतं. ५० गणितांना ९० मिनिटं मिळतात. सूत्र आठवण्यात मिनिट गेलं की सोडवायला वेळ उरत नाही. उणे गुण नसल्यानं एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही सांगावं लागतं.

वाणिज्य शाखेकडे कुणाचं लक्षच नसतं. तिथं बहुतेक कॉलेजांत एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) की मॅथ्स असा पर्याय असतो आणि पाठांतराचा विषय म्हणून मुलं एसपी घेतात. वाणिज्याचं गणित विज्ञानाच्या गणिताहून वेगळं आहे. त्यात त्रिकोणमिती नाही. दलाली-कमिशन, विमा व वार्षिकी, निर्देशांक, समाश्रयण, रेषीय प्रायोजन असं व्यवहाराला लागणारं गणित आहे. सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर १०० गुणांचा, त्यात ४० गुण व्यापारी गणिताचे, ४० संख्याशास्त्राचे आणि २० तर्कक्षमतेचे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. बारावीला गणित नसलं तरी सीएला बसता येतं, पण वार्षिकी आणि समाश्रयण तिथं पहिल्यांदा बघणाऱ्याचे पुढचे चार महिने त्यातच जातात. अर्थशास्त्रात एमए करायचं असेल तरी हाच पाया लागतो. तलाठी किंवा पोलीस भरतीसाठी मात्र अकरावीचं गणित घेण्याची गरज नाही. तिथलं अंकगणित शाळेतलंच असतं.

अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली आणि १० कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पण अर्जात ठरते ती शाखा. त्या कॉलेजात वाणिज्याला गणित शिकवतात का, विज्ञानाला गणित-जीवशास्त्र सोबत घेता येतं का, बायफोकल (व्यावसायिक विषय) घेतल्यावर जीवशास्त्र सुटतं का, हे प्रवेशाच्या टेबलावर गेल्यावर कळतं, आणि तोवर पसंतीक्रम भरून झालेला असतो. तालुक्याच्या ठिकाणी ही अडचण जास्त येते. आधी फोन करून किंवा जाऊन विचारावं, आणि गणिताच्या शिक्षकाची जागा भरलेली आहे का तेही विचारावं.

कनिष्ठ महाविद्यालयांना विनंती आहे, की विषयांच्या ज्या जोड्या प्रत्यक्ष शिकवल्या जातात त्यांची यादी निकालाच्या दिवशीच फलकावर लावावी. आणि ज्यांनी पीसीबी घेऊन बारावी केली व आता अभियांत्रिकीकडे वळायचं आहे, त्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेला तुरळक विषय म्हणून एकटं गणित घेऊन बसता येतं का, याची चौकशी कॉलेज आणि विभागीय मंडळाकडे करता येईल. त्याचे अर्ज परीक्षेच्या काही महिने आधी भरले जातात, त्यामुळे ही चौकशी पावसाळ्यातच करावी आणि सीईटीची त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा.

आपला,
गणिताचा एक शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड