आई-बाबा, घर घेतलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर जीभ रेटेना म्हणून लिहितेय. इथं स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात आम्ही घर घेतलं. सह्या झाल्यासुद्धा. बाबा, लगेच "म्हणजे आता कायमचंच" म्हणू नका. हप्ता भाड्याच्या आसपासच बसतोय, पिल्लूची शाळा जवळ आहे आणि लिफ्ट आहे. लिफ्ट नसती तर घेतलंच नसतं, आईशपथ.

खरं सांगू? घेतलं ते खालच्या बागेपायी. तिथून तुरिया नदी वाहायची. 1957 साली ती आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेसारखीच गावात घुसली, म्हणून तिला गावाबाहेरून वळवली. कोरड्या पात्रातून मोठा रस्ता काढायचं घाटत होतं, पण लोकांनी ते होऊ दिलं नाही. आता तिथं नऊएक किलोमीटर लांब बाग आहे. रुंदीला बेताचीच, पण किती वस्त्यांच्या दाराशी जाते! पैसेवाल्यांची आणि साध्यांची पोरं एकाच मातीत लोळतात. जुने पूल डोक्यावर तसेच आहेत. बस वरून जाते, आपण खालून. रस्ता ओलांडायचाच नाही, बाबा, तुमच्या गुडघ्याला बरं. बाकं आहेत. म्हातारी माणसं लोखंडी गोळे फेकत खेळतात आणि हरली की तुमच्यासारखीच चिडतात.

2024 च्या ऑक्टोबरात टीव्हीवर इथला पूर बघून तुम्ही रात्रभर फोन लावत होता. पाणी नव्या पात्रातून गेलं, शहर वाचलं. दक्षिणेकडची गावं मात्र बुडाली. ते बघताना मला आपलं 2019 चं माजघर दिसत होतं. भिंतीवरची चिखलाची रेघ, आणि एवढ्या घाईत आईनं माळ्यावर चढवलेला चटणीचा डबा.

म्हणून आता मुकाट ऐका. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की मावशीकडं जायचं, 43 च्या धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही. "अजून गल्लीत कुठं आलंय" हे चालणार नाही. बाबा, रंकाळ्यावर उजाडल्यावर जावा, अंधारात नको. आई, बीपीची गोळी देव्हाऱ्यात ठेवू नको, चहाच्या डब्याशेजारी ठेव.

रागावला नाहीत ना? तुमच्या खोलीची खिडकी बागेकडंच आहे. डिसेंबरात या, थंडी सोसण्यासारखी असते. ज्वारीचं पीठ तेवढं आणा. चटणी मागणार नव्हते, पण आणाच.

चौपाटीवर भेळ खाऊन मी बाबांच्या खांद्यावर झोपायचे. पिल्लूपण तसाच आहे. त्याला उचलू मात्र नका. बाकावर बसा, तो मांडीवर झोपतो.

तुमची,
चिमी