धर्मग्रामाचा हिशेब फलकावर लावा

महोदय,

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) काय बदलले असे विचारले, की बहुतेक कॅथलिक मिस्साबद्दल, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेबद्दल, बोलतात. लॅटिन गेली, मराठी आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, स्त्री-पुरुष बायबलची वाचने करू लागले. नव्या विधीसाठी ३० नोव्हेंबर १९६९ ही तारीख ठरली होती, म्हणजे तो अंगवळणी पडूनही अर्धशतक झाले. त्याच परिषदेच्या विचारातून निघालेला दुसरा बदल, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक समुदायाच्या) कारभारात आणि पैशांच्या व्यवहारात प्रापंचिकांचा सहभाग, मला त्याहून मोलाचा वाटतो. तो मात्र पुष्कळ ठिकाणी अजून कागदावरच आहे.

याबाबतचा कायदा नवा नाही. १९८३ च्या कॅनन संहितेचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचे, कलम ५३७ प्रत्येक धर्मग्रामाला अर्थ समितीची सक्ती करते. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब स्थानिक नियमांनुसार लोकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाची सल्लागार समिती, मात्र कलम ५३६ ने बिशपांच्या मर्जीवर सोडली आहे आणि तिचे मत केवळ सल्ल्यापुरते धरले आहे. रोममधील सिनडचा, म्हणजे जगभरातील बिशप आणि इतर प्रतिनिधींच्या सभेचा, अंतिम दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मंजूर केला. कौन्सिल सक्तीची करावी, ‘केवळ सल्ला’ या तरतुदीचा फेरविचार व्हावा, अर्थ समित्या खरोखर काम करणाऱ्या असाव्यात आणि वार्षिक हिशेब शक्य तेथे बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून जाहीर करावा, असे त्यात म्हटले आहे.

‘आमच्याकडे वर्षाचा हिशेब वाचून दाखवतात’ असे उत्तर अनेक धर्मग्रामांतून मिळेल. पण मिस्साच्या शेवटी घाईघाईने वाचलेल्या जमा, खर्च आणि शिल्लक या तीन आकड्यांतून काहीच कळत नाही. छताच्या दुरुस्तीसाठी गोळा केलेला निधी त्या शिलकीत मिसळलेला असतो, त्यामुळे चर्चकडे भरपूर पैसा आहे असा समज होतो. वास्तविक ज्या कारणासाठी दान दिले त्याच कारणासाठी ते वापरायचे, असे कलम १२६७ चे बंधन आहे. धर्मप्रसाराच्या कामासाठी मिशन रविवारी आणि पवित्र भूमीसाठी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) घेतलेली वर्गणी धर्मग्रामाची नसतेच, ती पुढे पाठवायची असते. तिला उत्पन्नात धरले तर जमेचा आकडा उगाच फुगतो. मिस्साच्या हेतूंसाठी, म्हणजे एखाद्यासाठी मिस्सा अर्पण व्हावी म्हणून, दिलेल्या पैशांचेही तसेच. धर्मगुरूने एका दिवशी कितीही मिस्सा केल्या तरी नाताळ सोडून एकाच मिस्साचे दान त्याला स्वतःकडे ठेवता येते, बाकीचे बिशपांनी ठरवलेल्या कामासाठी जाते. हा नियम माहीत नसल्यामुळे लोकांच्या मनात नको त्या शंका येतात. या तिन्ही रकमा वेगळ्या रकान्यांत दाखवल्या तर निम्मी कुजबुज थांबेल.

पैसे मोजण्याची पद्धतही ठरलेली असावी. दानपेटी एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मिळून उघडावी. नोटा आणि नाणी यांचा तपशील चिठ्ठीवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, एक प्रत कार्यालयात आणि एक अर्थ समितीकडे द्यावी. बँक उघडली की सगळी रक्कम भरावी. गडबड होते ती इथेच. गवंड्याची मजुरी किंवा फुलांचे पैसे पेटीतूनच परस्पर दिले जातात आणि मग त्या रकमेची ना जमेत नोंद होते ना खर्चात. कुणी चोरी केलेली नसते, तरी महिनाअखेरीस चिठ्ठ्या आणि पासबुक जुळत नाहीत. हल्ली दाराशी क्यूआर कोड लावतात. तो धर्मग्रामाच्या खात्यालाच जोडलेला आहे ना, हे अर्थ समितीने स्वतः एक रुपया पाठवून पडताळावे.

समितीची निवड हा आणखी नाजूक भाग. प्रमुख धर्मगुरूंनी नेमलेली तीच तीच माणसे वर्षानुवर्षे राहिली तर प्रश्न कोण विचारणार? निदान अर्धे सभासद गावागावांतील लहान ख्रिस्ती समूहांनी निवडून द्यावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात, एकाला तरी ताळेबंद वाचता यावा आणि मुदत तीन वर्षांची असावी. सभेची विषयपत्रिका आठवडाभर आधी मिळावी. इतिवृत्त लिहिले नाही तर फादरांची बदली होताच आधीचे सगळे निर्णय हवेत विरतात.

हिशेब मागणे म्हणजे धर्मगुरूंवर अविश्वास दाखवणे, असे काही ज्येष्ठांना वाटते. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण ज्या धर्मगुरूच्या मागे सह्यांची चिठ्ठी आणि समितीचे इतिवृत्त आहे, त्याच्यावर कुणी सहजासहजी आळ घेऊ शकत नाही. एकट्याने चाव्या सांभाळणाराच खरा उघड्यावर असतो.

सिनडच्या अंमलबजावणीचा आढावा घेणारी सभा रोममध्ये ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हायची आहे. तोवर थांबण्याचे कारण नाही. कलम ५३७ आजही लागू आहे, कौन्सिल सक्तीची करण्याचा अधिकार बिशपांना आहेच आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टचे लेखापरीक्षण दरवर्षी करावेच लागते. वसई धर्मप्रांताने एका पानाचा समान नमुना काढावा आणि ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा तपासलेला हिशेब, अर्थ समितीच्या सह्यांसह, सप्टेंबरअखेर प्रत्येक चर्चच्या फलकावर लावण्याचा आदेश द्यावा, ही विनंती.

– एक प्रापंचिक कॅथलिक, वसई