दरीत उतरणाऱ्या स्वयंसेवकांच्या विम्याचे काय?

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

पावसाळ्यात लोणावळा, मावळ, खोपोली, महाबळेश्वर या भागांतील दुर्घटनांच्या बातम्यांमध्ये ‘स्थानिक बचाव पथकाच्या मदतीने’ हे शब्द हमखास असतात. वाचणाऱ्या पुष्कळांना हे पथक म्हणजे पोलिसांचा किंवा अग्निशमन दलाचा एखादा विभाग वाटतो. प्रत्यक्षात ती त्या त्या गावातील गिर्यारोहण मंडळे असतात : लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स आणि त्यांच्यासारख्या कितीतरी संस्था. त्यांत दुकानदार आहेत, वाहनचालक आहेत, शिक्षक आहेत, कारखान्यात पाळीवर जाणारे कामगार आहेत. या कामाचा त्यांना पगार नाही आणि भत्ताही नाही. त्यांचे कौतुक होते, ते व्हायलाही हवे. परंतु हे पत्र कौतुकासाठी लिहिलेले नाही. यांपैकी कोणी बचावकार्यात जायबंदी झाला किंवा दगावला, तर त्याच्या घरच्यांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर शासनाने लेखी द्यावे, एवढ्यासाठी ते लिहिले आहे.

28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि 30 जणांचा मृत्यू झाला. त्या दरीत ना वाट होती, ना यंत्र उतरवता येण्यासारखी जागा. पाऊस, धुके आणि निसरडा कातळ अशा स्थितीत महाबळेश्वर आणि पोलादपूर परिसरातील गिर्यारोहक दोर बांधून खाली उतरले आणि एकेक मृतदेह स्ट्रेचरला बांधून वर घेण्याचे काम त्यांनी इतर यंत्रणांच्या बरोबरीने केले. वर उभ्या असलेल्या नातेवाइकांना आपले माणूस शेवटचे पाहता आले, यात या तरुणांचा वाटा फार मोठा आहे.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता, त्यामुळे चिखलाच्या चढावरून अंधारात आणि मुसळधार पावसात पायीच वर जावे लागत होते. हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकले नाही, खोदकामाची यंत्रे चढवता आली नाहीत आणि माती फावड्यांनी व हातांनी उपसावी लागली. सुरुवातीच्या तासांत तिथे पोहोचलेल्यांत खोपोली परिसरातील गिर्यारोहक होते, कारण तो डोंगर त्यांच्या पायाखालचा होता. त्याच चढावर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. ते शासकीय सेवेत होते. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबासाठी नियम आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण त्यांच्या मागून किंवा पुढून तोच चढ चढणाऱ्या, कोणत्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या स्वयंसेवकाच्या बाबतीत असे घडले असते, तर त्याच्या घरच्यांनी कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा होता?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल असताना या मंडळांची गरज काय, असे काही जण विचारतात. त्या दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे, तर राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. ही दले सक्षम आहेत, याविषयी शंका नाही. परंतु सुदुंबऱ्याहून निघालेले पथक पावसाळी घाटरस्त्याने महाबळेश्वरला किंवा पोलादपूरला पोहोचेपर्यंत जे तास जातात, त्यांतच जखमी माणूस वाचायचा की नाही हे बहुतेक वेळा ठरते. शिवाय कोणत्या घळीतून खाली उतरता येते, कोणता ओढा अर्ध्या तासाच्या पावसात अडवतो, धुक्यात हाक कोणत्या कड्यावरून ऐकू येते, हे ज्ञान वर्षानुवर्षे त्याच डोंगरात फिरल्याशिवाय येत नाही. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा जलाशयात शोध घेणाऱ्यांत शिवदुर्गचे स्वयंसेवक होते. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला, तेव्हाही मावळातील स्वयंसेवक शासकीय पथकांच्या बरोबरीने पाण्यात होते. या दोन्ही तारखांना रविवार होता. पर्यटकांची सुट्टी असते त्याच दिवशी या मंडळींची परीक्षा असते. त्यांच्या घरच्यांनी कित्येक पावसाळ्यांत आपले माणूस रविवारी निवांत घरी बसलेले पाहिले नसेल.

विम्याबाबत एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. वैयक्तिक अपघात विमा घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. अशा अनेक विम्यांच्या अटींमध्ये गिर्यारोहण, प्रस्तरारोहण यांसारख्या साहसी कृतींमुळे झालेली इजा वगळलेली असते. म्हणजे जो माणूस नेमका दोरावर लटकून काम करतो, त्याला नेमक्या त्याच कामासाठी संरक्षण मिळत नाही. काही संस्था देणग्यांतून आपल्या सदस्यांचा वेगळा विमा उतरवतात, काही सदस्य स्वतःच्या खिशातून हप्ता भरतात आणि बाकीचे तसेच उतरतात.

केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेचा दाखला इथे दिला जाईल. 2016 मध्ये सुरू झालेली आणि पुढे 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्यासाठी वाढवलेली ही योजना चांगली आहे. तिच्यात बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमाही आहे. पण तो विमा तीन वर्षांचा आहे आणि सर्वसाधारण वयोमर्यादा 18 ते 40 अशी आहे. कड्यावरच्या बचावकार्यात दोराचा आधार कुठे घ्यायचा आणि खाली उतरलेल्या सहकाऱ्याला कधी थांबवायचे, हा निर्णय घेणारा माणूस पुष्कळदा चाळिशी ओलांडलेला असतो. सर्वांत अनुभवी माणसालाच बाहेर ठेवणारी अट या कामाला लावणे योग्य नाही.

दुसरा प्रश्न साहित्याचा आहे. बचावकार्याचा दोर जन्मभर टिकणारी वस्तू नाही. न वापरता ठेवलेला दोरदेखील साधारण दहा वर्षांनी बाद करावा, असे उत्पादक सांगतात. कातळावर घासला जाणारा, चिखलात आणि उन्हात वापरला जाणारा दोर त्याच्या कितीतरी आधी बदलावा लागतो. मातीचे बारीक कण आत शिरून धागे कापतात आणि ते बाहेरून दिसत नाही. हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट, स्ट्रेचर, मानेचा पट्टा, हे सारे त्याच प्रकारे झिजते. आजवर हा खर्च वर्गणीतून आणि देणगीदारांच्या कृपेने चालला आहे. दुर्घटनेनंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, त्यामागची भावना खरी असते. त्याच भावनेने त्या सभेत एखादा नवा दोर दिला गेला, तर तो पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

वाचवलेल्या पर्यटकांकडूनच खर्च वसूल करावा, अशी सूचना अलीकडे पुष्कळदा ऐकू येते. बेदरकार वागणाऱ्यांविषयीचा संताप मी समजू शकतो आणि मनाई असलेल्या जागी गेलेल्यांना दंड व्हावा, हेही मान्य आहे. मात्र मदतीचे बिल येणार या भीतीने कोणी फोन करायला दोन तास उशीर केला, तर दिवसाउजेडी होणारे काम अंधारात करावे लागेल आणि त्याचा धोका पुन्हा स्वयंसेवकांच्याच वाट्याला येईल. दंड पोलिसांनी करावा; मदत मागण्यावर किंमत लावू नये.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 30 मध्ये स्थानिक पातळीवरील स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाला उत्तेजन देणे, हे जिल्हा प्राधिकरणाचे काम म्हणून नमूद केले आहे आणि याच कायद्यात राज्य व जिल्हा पातळीवर निधी उभारण्याचीही तरतूद आहे. तेव्हा नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील बचाव संस्थांची आणि त्यांच्या प्रशिक्षित सदस्यांची नोंद करावी. नोंदलेल्या प्रत्येकाचा, वयाची आडकाठी न आणता, डोंगरातील व पाण्यातील बचावकार्य स्पष्टपणे समाविष्ट असलेला विमा दरवर्षी शासनाने उतरवावा. दोर आणि साहित्य ठरावीक मुदतीने बदलून द्यावे. आणि पोलिसांनी किंवा तहसीलदारांनी बोलावल्यावर गेलेल्या स्वयंसेवकाची त्या दिवसाची रजा त्याच्या मालकाने कापू नये, असे परिपत्रक काढावे.

नोंदणीचे काम अवघड नाही. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने राज्यभरातील अशा पथकांचे समन्वय केंद्र चालते आणि कोणत्या भागात कोणाला बोलवायचे याची माहिती तिथे आहे. पुणे, रायगड आणि सातारा या तीन जिल्ह्यांनी येत्या पावसाळ्याआधी सुरुवात केली, तरी सह्याद्रीतील सर्वाधिक वर्दळीचा पट्टा त्यात येईल. या तिन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी आपल्या वृत्तपत्रातूनच याविषयी खुलासा करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, लोणावळा (जि. पुणे)