बंद व भाड्याच्या फ्लॅटमधील पाणी थंडीपूर्वी उतरवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व समिती सदस्य,

विषय: कुलूपबंद फ्लॅटमधील पाइप रिकामे करून घेणे आणि भाड्याच्या फ्लॅटसाठी थंडीचे नियम ठरवणे

मा. अध्यक्षमहोदय,

आपल्या सोसायटीतले बरेच फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले आहेत. काहींत भाडेकरू आहेत, काहींना वर्षभर कुलूप असते. मी एका फ्लॅटमध्ये राहते आणि दुसरा भाड्याने दिलेला आहे, तेव्हा हे पत्र ‘मालक विरुद्ध राहणारे’ असे कृपया वाचू नये.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वरच्या बंद फ्लॅटमधला पाइप फुटला, हे समितीला माहीत आहेच. पाणी माझ्या हॉलच्या दिव्याच्या भोकातून उतरत होते. मालक परगावी, किल्ली कुणाकडे नाही आणि डक्टमधल्या एकाही कॉकवर फ्लॅटचा नंबर नाही. वॉचमन बिचारा अंदाजाने एकेक कॉक फिरवत होता आणि भलत्याच घरांचे पाणी बंद होत होते. नुकसानभरपाईचा वाद तुमच्यापुढे आहे, तो इथे उकरत नाही. यंदाचे काय, एवढेच विचारते.

राहत्या घरात दिवसभर नळ सोडले जातात, घरात ऊब असते. कुलूपबंद घरात पाणी पाइपात तसेच उभे राहते आणि आतला पारा हळूहळू बाहेरच्या पाऱ्याला जाऊन मिळतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. मात्र पाइप बर्फ धरलेल्या जागीच फुटेल असे नाही. बर्फ वाढत जातो तसा, तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढतो, आणि जो सांधा कच्चा असेल तो जातो. म्हणून पाणी गोठते बाल्कनीकडच्या भिंतीत आणि तडकतो बाथरूममधला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड. त्यातही गंमत अशी की बर्फ आहे तोवर तोच बूच होऊन बसतो. ऊन पडले, बर्फ सुटला, की धार लागते. थंडी ओसरली म्हणून सगळे निर्धास्त झालेले असतात, नेमके तेव्हा.

‘आम्ही जाताना कॉक बंद करतो’ असे काही मालक सांगतात. ते निम्मेच काम झाले. कॉक बंद केल्यावर आत उरलेले पाणी कुठे जाणार? ते काढावे लागते. सर्वांत खालचा नळ उघडा ठेवायचा आणि वरचाही, म्हणजे वरून हवा शिरते आणि पाणी उतरते. गार आणि गरम, दोन्ही बाजूंचे नळ. फ्लश दाबून टाकी रिकामी करायची, जेटची नळी झटकायची, वॉशिंग मशीनची आणि फिल्टरची नळी सोडवायची. गीझरचे स्विच आधी बंद करायचे आणि मग त्यातले पाणी काढायचे. गीझरच्या तोंडाशी उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे नळ उघडे ठेवूनही टाकी भरलेलीच राहते. हे काम प्लंबरकडूनच करून घेतलेले बरे.

शिवाय कमोडच्या वळणात आणि बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये पाणी उरतेच. ते गोठले तर भांडे तडकते आणि काढून टाकले तर ड्रेनेजचा वास घरभर होतो. तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉलवाले, प्लंबिंगसाठीचे न गोठणारे द्रावण ओततात. गाडीच्या रेडिएटरचे द्रावण बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते आणि ते विषारी आहे. ते कुणी वापरू नये, हे सूचनाफलकावर ठळक लिहावे.

किल्ली ऑफिसात ठेवायला लोक तयार होत नाहीत, आणि मला त्यात गैर वाटत नाही. पाणी थांबवायला किल्ली लागतही नाही. डक्टमधल्या प्रत्येक कॉकवर फ्लॅटचा नंबर लावा आणि गरज पडल्यास तो बंद करण्याचा अधिकार वॉचमनला लेखी द्या. पाइप रिकामे करून घेण्याची जबाबदारी मालकाची. थंडीपूर्वी त्याने ते काम करून ऑफिसला तसे लेखी कळवावे. न कळवणाऱ्याचा कॉक समितीने डक्टमधून बंद करावा. तेवढ्याने पाइप वाचेल असे नाही, पण फुटला तरी वरून नवे पाणी येत राहणार नाही. ‘आमचा फ्लॅट, आमची मर्जी’ हे ठीक आहे, पण त्या मर्जीच्या खाली कुणाचे तरी छत असते.

भाड्याच्या घरांचे दुखणे वेगळे. तिथे माणसे असतात, पण मेन कॉक कुठे आहे हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. किल्ली देताना तो दाखवावा, एकदा फिरवूनही घ्यावा. कडक थंडीच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने सोडावा आणि सिंकखालचे कपाट उघडे ठेवावे, म्हणजे खोलीची ऊब पाइपापर्यंत पोचते. बाहेरगावी जाताना मेन कॉक बंद करून नळ रिकामे करायचे, किंवा हीटर मंद चालू ठेवायचा असेल तर त्याचे वीजबिल कुणी भरायचे, हे भाडेकरारातच यावे. नाहीतर बिल वाचवायला भाडेकरू तो बंद करतो आणि भुर्दंड मालकाला बसतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवण्यावर पूर्ण बंदी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

भिंतीवर काळी बुरशी आली की मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो. घरातली वाफ गार भिंतीवर पाणी होऊन बसते. खिडक्या न उघडणे हे त्याचे एक कारण असते, पण बाहेरच्या भिंतीतली भेग आणि बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन ही कारणे मालकाची आणि आपली. डिपॉझिट कापण्यापूर्वी ती तपासली जावीत. विमा असलेल्यांनी पॉलिसीही काढून वाचावी, कारण घर ठरावीक दिवसांहून जास्त रिकामे राहिल्यास पाण्याचे नुकसान न देण्याची अट अनेक पॉलिसींत असते.

आता समितीच्या अखत्यारीतले. गच्चीवरच्या पाइपांचे फोमचे वेष्टण उन्हाने भुसभुशीत झाले आहे, बोट लावले तरी पूड पडते. सरळ पाइपांवर निदान ते आहे, एल्बो आणि व्हॉल्व्ह तर उघडेच आहेत. नवे घालाल तेव्हा ते तिथेही पोचू द्या आणि वरून उन्हापासून आवरण द्या. सोलरच्या पाइपांचेही तेच. गच्चीच्या भेगा आताच भरून घ्या. त्यांत मुरलेले पाणी गोठते-वितळते आणि भेग दरवेळी थोडी रुंदावते. सिमेंटचे काम ५ अंशांखाली नीट धरत नाही, तेव्हा हे पुढे ढकलण्यात अर्थ नाही. आगीसाठीच्या पाइपातले पाणी मात्र कुणीही आपल्या मनाने काढू नये. त्याची देखभाल करणाऱ्यांनाच विचारावे.

वॉचमनलाही एकदा सांगून ठेवावे. पाइप गोठलेला दिसला तर आधी कॉक बंद. मग नळ उघडून, नळाच्या टोकाकडून मागे मागे जात, हेअर ड्रायरने ऊब द्यायची. ब्लोटॉर्च किंवा पेटता बोळा नको.

हा विषय समितीच्या येत्या बैठकीत घ्यावा, ही विनंती. कॉकना नंबर लावायला मी स्वतः येईन. सोबत प्लंबर मात्र द्या, आमच्या मजल्यावरच्या डक्टमधल्या दोन कॉकची मूठ फिरतच नाही.

आपली,
एक सभासद